वन्स मोरचे मालक

पडदा वर जातो. खरं तर शटर वर जातं, कारण आपलं दृश्य दुकानातलं आहे. पण आवाज साधारण तसाच, आणि मधेच एकदा अडकतं तेही तसंच. उजव्या हाताला कपड्यांची गाठोडी. डाव्या हाताला भिंतीपासून भिंतीपर्यंत ताणलेली तार आणि तिच्यावर ओळीने लटकलेले सदरे, मुख्य पात्राची वाट बघत उभ्या असलेल्या कोरससारखे. मधोमध लांब टेबल, त्यावर जुनं ब्लँकेट, ब्लँकेटवर जागोजाग पिवळी पडलेली चादर. मागच्या खिडकीतून समोरच्या नाट्यगृहाचा मागचा दरवाजा दिसतो, ज्यातून नट आत येतात आणि पुष्कळदा न सांगता बाहेर पडतात. टेबलाशी एक ठेंगणा, रुंद खांद्यांचा गृहस्थ. तो पाण्यात बोटं बुडवतो, कॉलरवर शिंतोडे उडवतो, इस्त्री टेकवतो. चर्र.

प्रवेश सुरू.

या गृहस्थांना आमच्या नाटकाच्या जगात सगळे ‘वन्समोर’ म्हणतात. खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटीचा तेवढाच भाग उन्हापावसात पुसला गेला आणि त्यांनी तो पुन्हा रंगवून घेतला नाही. “कपडे ओळखतात मला,” म्हणायचे.

त्यांना हे नाव पडलं तेव्हा मी रंगमंचावर होते. आमचं ‘संगीत परतवाट’ ऐन भरात होतं आणि मी नायिका होते. तिसऱ्या अंकात नदीच्या काठावर उभी राहून, सुटायच्या बेतात असलेल्या नावेकडे बघत मी गायचे, ‘नावाड्या, घाई नको’. त्या दिवशी नायकाचा जरीचा कोट इस्त्री होऊन यायला उशीर झाला. हे तरुण इस्त्रीवाले तो कोट झोपलेल्या बाळासारखा दोन्ही हातांवर घेऊन विंगेत आले आणि माझं गाणं ऐकत तिथेच उभे राहिले. गाणं संपलं. प्रेक्षक टाळी वाजवणार, तेवढ्यात माझ्या उजव्या हाताच्या विंगेतून, म्हणजे कथेप्रमाणे भर नदीच्या पात्रातून, खणखणीत आवाज आला, “वन्स मोर!”

प्रेक्षकांनी आधी इकडेतिकडे पाहिलं. मग तेही ओरडू लागले. मी पुन्हा गायले. नायक बिचारा विंगेत कोटावाचून ताटकळत राहिला, कारण कोट ज्याच्या हातांवर होता तो डोळे मिटून उभा होता. प्रयोगानंतर आमचे मॅनेजर त्यांच्या अंगावर खेकसले, “ओरडायचंच असेल तर समोर बसून ओरडा!”

हे त्यांनी आमंत्रण समजून घेतलं. तेव्हापासून तिसऱ्या रांगेतली खांबाजवळची खुर्ची त्यांची झाली. खांबाआड अर्धा रंगमंच जातो, म्हणून ती एरवी कुणी घेतही नसे. “मला कुठे बघायचंय,” असं त्यांचं म्हणणं.

हळूहळू प्रेक्षकांना त्यांची सवय लागली. गाणं संपलं की क्षणभर सगळं थिएटर खांबाकडे कान लावून बसायचं. तिथून आवाज आला की छप्पर उडायचं. नाही आला तर नुसत्या टाळ्या, आणि त्याही पाहुणे एकदाचे निघाले की आपण दारात उभं राहून हसतो ना, तशा.

त्यांना संगीतातलं फार कळत होतं असा गैरसमज करून घेऊ नका. राग कोणता ते त्यांना आयुष्यात कधी ओळखता आलं नाही. आणि चुकायचेही ते. एकदा दिवसभर उभं राहून दमलेले वन्समोर पहिल्या अंकातच झोपी गेले. मध्यंतरात मॅनेजर पडद्यापुढे येऊन म्हणाले, “दारासमोर लावलेली निळी गाडी कृपया हलवावी.” हे दचकून जागे झाले आणि गरजले, “वन्स मोर!” मॅनेजरांनी ती सूचना पुन्हा दिली, आणि खोटं कशाला बोलू, दुसऱ्यांदा ती जास्त रंगली.

पण एक गोष्ट सगळे मानत. त्यांचा वन्स मोर मागून मिळत नसे. मलाही तो रोज मिळाला नाही. एकदा मी तणतणत दुकानात गेले. “काल काय बिनसलं होतं? एक सूर इकडचा तिकडे झाला नाही माझा.”

“काल तुम्ही गाऊन दाखवलंत, बाई,” इस्त्रीवरून नजर न उचलता ते म्हणाले. “परवा गायलात.”

मी माझे कपडे न घेताच परत आले. दोन दिवस चुरगळलेल्या कपड्यांत हिंडले, पण पुढच्या प्रयोगाला गायले.

नातेवाइकांच्या बाबतीत तर ते फारच कडक. त्यांच्या मुलाने शाळेच्या नाटकात झाडाचं काम केलं. घरी आल्यावर त्याने विचारलं, “बाबा, कसा होतो?” बाबा म्हणाले, “झाड हललं.” मुलगा पुढे लाकडाच्या वखारीत कामाला लागला. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नसावा.

त्यांच्या बायकोला आम्ही सगळे वहिनी म्हणतो. वहिनींनी समोरचं नाट्यगृह कधी आतून पाहिलं नव्हतं. दुकानावर कुणीतरी बसायला हवं ना! “ह्यांचं ओरडणं इथवर ऐकू येतं,” त्या म्हणत. “तेवढं नाटक मला पुरे.”

तर गेल्या वर्षी नाट्यगृहाच्या मंडळाने ‘परतवाट’ पुन्हा रंगमंचावर आणायचं ठरवलं. मंडळाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत; समोरच्याचं तोंड उघडं ठेवून आपणच बोलत राहायची त्यांना सवय. दिग्दर्शक कोण, यावरून मंडळात तीन तट पडले, म्हणून डॉक्टरांनी तीन दिग्दर्शक बोलावले.

पहिले मास्तर, माझ्याच वयाचे. त्यांना नाटक जसं होतं तसंच हवं होतं, रंगवलेल्या पडद्यांसकट, सगळ्या पदांसकट. प्रयोग फार लांबेल असं कुणी म्हणालं की ते विचारत, “घाई नावाड्याला आहे की तुम्हाला?” दुसरा टीव्हीवर मालिका करणारा तरुण. आजच्या माणसाला वेळेवर घरी जायचं असतं, हे त्याचं तत्त्व. त्याने संहितेत इतकी काटछाट केली होती की वन्समोरांनी त्याचं नाव ‘कात्री’ ठेवलं. तिसरी एक चाळिशीची बाई. तिला नदी नको होती, नाव नको होती, जरीचा कोट नको होता. रिकामा रंगमंच आणि एक खुर्ची. तिचं नाव काय पडलं ते सांगायला नको.

या तिघांचं एकाच बाबतीत एकमत झालं. नायिका म्हणून तिघांनीही वन्समोरांच्या सूनबाईला निवडलं. सूनबाई बालवाडीत शिकवते, आमच्या कोरसमध्ये गायची, आणि गेली काही वर्षं संध्याकाळी माझ्याकडे येऊन ‘परतवाट’मधली पदं शिकत होती. आवाज गोड, गळ्याची फिरत चांगली, आणि लहान पोरांना रोज गप्प बसवत असल्यामुळे प्रेक्षकांची भीती अजिबात नाही.

डॉक्टरांना मात्र शंका. “मुलगी चांगली आहे हो, पण तिला ओळखतो कोण?” त्यांच्या मनात बाहेरची एक नावाजलेली गायिका होती. शेवटी त्यांनी तोडगा काढला. एका रविवारी दुपारी, निमंत्रितांसमोर, ‘नावाड्या, घाई नको’ हे पद तिघांनी आपापल्या पद्धतीने बसवून दाखवायचं. तिन्ही वेळा गाणार सूनबाईच. ज्याच्या गाण्याला वन्स मोर मिळेल, नाटक त्याचं आणि नायिका सूनबाई. एकालाही मिळाला नाही, तर तिघेही घरी आणि नायिका बाहेरून.

डॉक्टरांना वाटलं, आपण प्रेक्षकांचा कौल घेतोय. बाकी सगळ्यांना ठाऊक होतं की कौल खांबाजवळून येणार.

त्या आठवड्यात वन्समोरांच्या दुकानात कधी नव्हे इतके कपडे आले. मी गेले तेव्हा तिन्ही दिग्दर्शक आपापलं गाठोडं घेऊन हजर होते आणि टेबलाभोवती वादाला तोंड फुटलं होतं.

वाद कशावरून, ते सांगायला हवं. या पदात तिसऱ्या कडव्यानंतर गाणं थांबतं. नाव गेली, आता काय उरलं, असं वाटतं. आणि मग, एक श्वास जाऊ देऊन, नायिका पहिली ओळ पुन्हा म्हणते. अगदी हलक्या आवाजात, कारण आता ऐकायला नावाडी नाही. त्या मधल्या थांबण्याला आम्ही ‘खड्डा’ म्हणायचो. नवखा प्रेक्षक हमखास त्यात पडायचा. गाणं संपलं असं समजून टाळी वाजवायचा आणि शेजाऱ्याने डोळे वटारले की खुर्चीत बुडून जायचा.

“खड्डा भरायचा,” मास्तर म्हणाले. “ऑर्गनचा एक झरा सोडायचा त्यात. आमच्या वेळी तसंच होतं.”

“आपल्या वेळी ऑर्गनवाले तेवढ्यात नाक शिंकरून घ्यायचे, मास्तर,” मी म्हणाले.

“म्हणजे झराच तो,” कात्री म्हणाला. पोरगा मला त्याच क्षणी आवडला. “मी म्हणतो, खड्डा आणि त्याच्या पुढचं सगळं काढूनच टाकू. नाव गेली, दिवे गेले, संपलं. तीच ओळ परत कशाला? ऐकलीय की लोकांनी.”

“खड्डा वाढवायचा,” खुर्ची म्हणाली. “लोक अस्वस्थ होईपर्यंत थांबायचं.”

“अस्वस्थ ते घरीही असतात, ताई. त्यासाठी तिकीट कशाला काढतील?”

“तुझ्या मालिकेत एक बाई मागे वळून बघायला अख्खा आठवडा घेते, ते चालतं?”

“ते जाहिरातींमुळे!”

मास्तरांनी टेबलावर थाप मारली. “वन्समोर, तुम्हीच सांगा. भरायचा, कापायचा, की वाढवायचा?”

वन्समोरांनी इस्त्री उभी केली. “मास्तर, तुमच्या कोटाचं अस्तर उसवलंय. कात्रीसाहेब, तुमच्या पँटला मुद्दाम पाडलेली भोकं इस्त्रीने जाणार नाहीत. आणि ताई, तुमचं काळं कापड दिसायला साधं, पण पांढरा केस न् केस दिसतो त्याच्यावर. आता जरा सरका, वाफ लागेल.”

माझं दुखणं असं की मला तिघांचंही पटत होतं. मास्तरांची निळी नदी मी पाहिलेली आहे. तिच्यासमोर उभं राहिलं की पाय आपोआप ओले व्हायचे. कात्री म्हणतो तेही खरं. आमचं एक पद सुरू असताना पहिल्या रांगेतले आजोबा घरी जाऊन जेवून परत आलेले मी पाहिलेत. आणि खुर्ची म्हणते तसं, सगळा डामडौल काढून घेतला तर खाली काय उरतं, हे बघायची हौस मलाही आहे. फक्त स्वतःच्या बाबतीत नाही.

तिघे गेले. वन्समोर एकाच सदऱ्यावरून पुन्हा पुन्हा इस्त्री फिरवत राहिले.

“झाला तो,” मी म्हणाले.

“बाई, तुम्ही शिकवलंय तिला. जमेल?”

“जमेल. तुम्ही फक्त तोंड उघडा.”

“तेच तर,” ते म्हणाले. “काल ती मला म्हणाली, ‘बाबा, माझ्यासाठी म्हणून ओरडायचं नाही. तसं ओरडलात तर मला कळेल, आणि मग मी परत गाणार नाही.’ आता मनात नसताना ओरडलो, तर पोरगी गाणं सोडणार. गप्प बसलो, तर तिचं काम जाणार. आणि रोज सकाळी तिच्याच हातचा चहा प्यायचाय मला.”

“चहा मी करते!” आतल्या खोलीतून वहिनींचा आवाज आला. पाठोपाठ वहिनीच आल्या. “आणि रविवारी मीही येणार आहे.”

“दुकान कोण बघेल?”

“दुकान कुठे पळून चाललंय?”

“अगं, तिथे मधे बोलायचं नसतं.”

“तुम्ही मोठे गप्प बसता तिथे!” वहिनी म्हणाल्या, आणि हा प्रवेश तिथेच संपला.

रविवारी वहिनी ठेवणीतले कपडे घालून, हातात पिशवी घेऊन, वन्समोरांच्या शेजारी बसल्या. खांबामुळे दिसत नाही म्हणून त्या इतक्या वाकल्या की पुढच्या रांगेतल्या गृहस्थांना वाटलं, कुणी काहीतरी गुपित सांगायला आलंय. मी वहिनींच्या पलीकडच्या खुर्चीत बसले होते.

आधी मास्तर. त्यांच्या नदीला घड्या पडल्या होत्या, पण ती निळी होती, आणि नाव चाकांवर करकरत का होईना, गेली. सूनबाईने भरजरी पोशाखात पद मांडलं. सगळ्या ताना घेतल्या, एकही सांडली नाही. खड्ड्यात ऑर्गनचा झरा वाहिला. टाळ्या छान पडल्या. मग थिएटरने खांबाकडे कान लावला. सूनबाईही तिकडेच बघत होती. सबंध गाणंभर तिकडेच बघत होती. वन्समोर आपल्या चपलांकडे बघत बसले.

मग कात्री. धूर, निळे-जांभळे दिवे, ध्वनिमुद्रित व्हायोलिनं. सूनबाई चालत आली, गाता गाता वळली, आणि खड्डा यायच्या जागी पूर्ण अंधार. सुंदर दिसलं हो! पण इतक्यात आटपलं की मागून कुणीतरी विचारलं, “लाइट गेले का?” दिवे आले तेव्हा सूनबाई पुन्हा खांबाकडेच बघत होती. वन्समोरांचं कपाळ घामाने डबडबलं होतं. माझी अवस्था काही निराळी नव्हती.

शेवटी खुर्ची. रिकामा मंच, मधोमध खुर्ची, आणि तिच्यावर आमच्याकडे पाठ करून बसलेली सूनबाई. अंगावर साधं काळं. साथीला कुणी नाही. मला वाटलं, संपलं सगळं. पाठमोऱ्या बाईचं गाणं कोण ऐकणार? पण पाठ फिरवल्यामुळे एक गोष्ट झाली. तिला खांब दिसेना. पहिल्या कडव्यात ती चाचपडली. दुसऱ्यात मी तिची गुरू असल्याचं विसरले. तिसऱ्यात वन्समोरांनी डोळे मिटले. कडवं संपलं आणि खड्डा आला. लांबला. आणखी लांबला. कुणी खोकलंसुद्धा नाही.

“वन्स मोर!”

आवाज बाईचा होता. वहिनी पिशवी छातीशी धरून उभ्या राहिल्या होत्या.

मंचावर सूनबाई दचकून वळली. सासूबाईंचा आवाज तिने ओळखला आणि तोंडावर हात धरून हसायलाच लागली. डॉक्टर टुणकन उठले. “मिळाला! वन्स मोर मिळाला!”

“हा धरायचा नाही!” मास्तर ओरडले. “गाणं संपलंच नव्हतं!”

“म्हणजे माझंच खरं!” कात्री आपल्या सीटवर उभा राहिला. “लोकांना ते तिथेच संपल्यासारखं वाटतं!”

“माझा खड्डा इतका खोल होता की त्या आत पडल्या,” खुर्ची म्हणाली. “यापेक्षा जास्त काय हवं?”

“पण मी म्हणते,” वहिनींनी सगळ्यांना विचारलं, “संपलं नव्हतं तर ही थांबली कशाला?”

याचं उत्तर आम्हा नाटकवाल्यांना अजून सापडलेलं नाही.

शेवटी डॉक्टर खांबाकडे वळले. “तुम्हीच सांगा. हा धरायचा का?”

वहिनींनी त्यांची बाही ओढली. “धरा म्हणा ना! पोरीचं काम आहे.” एक शब्द पुरला असता. वन्समोर सावकाश उठले. त्यांनी सुनेकडे पाहिलं. ती हसायची थांबली होती.

“नाही धरायचा,” ते म्हणाले. “गाणं अर्धं आहे.”

वहिनी मटकन खाली बसल्या. डॉक्टरांनी, मला वाटतं, त्याच क्षणी बाहेरच्या गायिकेला फोन करायला खिशात हात घातला.

“पण मग ते पुरं करून घ्या,” वन्समोर म्हणाले. “सदऱ्याची एकच बाही इस्त्री करून कुणी गिऱ्हाइकाला देत नाही.”

“बरं,” डॉक्टर म्हणाले. “कुणाच्या पद्धतीने?”

तिघांनी एकदम तोंड उघडलं. सूनबाई थांबली नाही. आहे तिथेच, एक हात खुर्चीच्या पाठीवर ठेवून, तिने पहिल्यापासून सुरुवात केली. आवाजात अजून थोडं हसू होतं, आणि ते तसंच गाण्यात उतरलं. नावाड्याला थांबवणारी बाई आधी थट्टाच करते आहे, तो खरंच निघेल असं तिला वाटत नाही आहे, हे मला इतकी वर्षं ते पद गाऊनही सुचलं नव्हतं. दुसऱ्या कडव्यात ते हसू कुठेतरी गळून पडलं. ती खांबाकडे बघत नव्हती, आमच्याकडे बघत नव्हती. नावेकडे बघत होती. मंचावर नाव नव्हती, तरी मीही वळून पाहिलं.

पुढे काय झालं ते मी आत्ताच सांगून टाकते, नाहीतर शेवटच्या वाक्यावर पडदा पाडता यायचा नाही आणि माझ्यातली नटी मला माफ करणार नाही. नाटक खुर्चीला मिळालं, कारण त्या वेळी मंचावर तिचीच खुर्ची होती, असं डॉक्टरांचं म्हणणं. तिने पदं बसवायला मास्तरांना ठेवून घेतलं. दुसऱ्या अंकाला कात्रीने कात्री लावली आणि लोक वेळेवर घरी जाऊ लागले. तिघे अजून खड्ड्यावरून भांडतात. नायिका सूनबाईच आहे, आणि तिचा प्रयोग असला की इस्त्रीचं दुकान बंद असतं.

आता मागे या. तिसरं कडवं संपलं. खड्डा आला. वहिनींनी दोन्ही हात घट्ट तोंडावर दाबून धरले होते. पिशवी पायाशी पडलेली. मग ती ओळ आली, हलकी, स्वतःशीच म्हटल्यासारखी, आणि विरून गेली. संपलं. खरंच संपलं.

सगळं थिएटर खांबाकडे कान लावून बसलं. वन्समोरांनी छाती भरून घेतली. ती छाती अशी भरताना मी रंगमंचावरून कितीदा पाहिली होती. पण या वेळी त्यांनी तो श्वास तसाच सोडून दिला. शेजारी वळले, वहिनींचे तोंडावरचे हात हळूच खाली घेतले आणि म्हणाले,

“हं. आता ओरड.”